नवऱ्याचं चित्र

हैदराबाद, ता. ११ ऑक्टोबर १९३६

चि. कौसल्या,

आशीर्वाद घे, आणि त्याच्यासोबत रागही घे. मी खपून खपून बकरीचं चित्र काढून पाठवलं आणि तू काय लिहिलंस? 'बकरी लई छान हाय. आईला आवडली.' अगं, आईला खरी बकरीसुद्धा आवडते. त्यातून मला काय समजायचं?

आमच्या चित्रशाळेतले मास्तर छान म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करतात. छान-वाईट मागाहून, म्हणतात. आधी दिसतं काय ते सांगा. उजेड कुठून आला? कुठली रेघ दाबून ओढली आणि कुठली भीत भीत? रबर कुठं फिरलं? काढणाऱ्यानं काय दाखवलं आणि काय दाखवायचं टाळलं? आणि त्याला चित्रच लागतं असं नाही. घरातली कुठलीही वस्तू घेऊन असं बघता येतं. ती कुठं झिजली, कुठं चेपली, यावरून ती कोण वापरतं, कसं वापरतं, ते कळतं. पहिल्या महिन्यात मला यातलं काही जमत नव्हतं. आता रस्त्यानं चालताना लोकांच्या चपलांच्या टाचा बघत चालतो आणि खांबाला धडकतो.

तर तुला अभ्यास देतो. घरातली एक वस्तू घे, सकाळच्या उजेडात पुढं ठेव आणि बघ. बघून झालं की लिही. मेंढ्यांमागं हिंडताना ओढ्याच्या वाळूत काडीनं तुला मुळाक्षरं शिकवली, ती नुसतं 'छान' लिहायला नाही.

माझं बरं आहे. अजून संतरामजींच्या घरीच राहतो आणि तिथंच जेवतो. आपल्याच समाजाचे आहेत, घोंगड्यांचा मोठा व्यापार आहे. माणूस दिलदार आहे. आबांना सांग, काळजी करू नका.

भुजंग

डोंगरकडा, ता. २९ ऑक्टोबर १९३६

दादा,

तुझ्या पायावर डोकं ठेवते, पण कान धरायला देणार न्हाई.

मी आबांची घोंगडी घेतली. अंगणात पसरली अन् तिच्यापाशी उकिडवी बसून राहिले. आई म्हणली, घोंगडीकडं काय बघायचं, झटक अन् ठेव. मी हलले न्हाई. रुख्मिणीआत्या दोनदा डोकावली अन् आईच्या कानात विचारून गेली, पोरीला बाहेरचं काही लागलं का म्हणून.

आता ऐक. घोंगडी उजव्या खांद्यावर इतकी विरली हाय की पलीकडचं दिसतं. डाव्या खांद्यावर जशीच्या तशी. म्हणजे आबा कुऱ्हाड कायम उजव्या खांद्यावर टाकतात. एका कोपऱ्याला चुण्या पडल्या हायत अन् त्या झटकून जात न्हाईत, तिथं ते भाकरी बांधतात. पावसात डोक्यावर खोळ करतात ती घडी तर इस्त्री केल्यावाणी बसली हाय. इथवर सगळं बराबर. मग मला काठाला बारकी बारकी भोकं दिसली. ठिणगीची. जुन्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या हायत. पण दोन भोकांच्या कडा काळ्या हायत अन् बोट लावलं की काजळी येते. मी म्हणलं, आबा, तुमी तर दसऱ्याला चिलीम सोडली ना?

आई अजून बोलून राहिली हाय. आबा दोन दिवस मेंढ्यांपाशीच जेवले. मला म्हणले, भुजंगला लिही, बहिणीला असलं शिकवण्यापेक्षा कशिदा शिकव म्हणावं.

अन् तुझी बकरी मी परत बघितली. तिचे चारी पाय तू गवतात बुडवलेस. बकऱ्या चरतात तिथं एवढं उंच गवत कुठं राहतं? तुला खुरं काढता येत न्हाईत, म्हणून गवत उगवलं.

कौसल्या

हैदराबाद, ता. १८ नोव्हेंबर १९३६

चि. कौसल्या,

खुरांचं खरं आहे. मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं ते तू डोंगरकड्यात बसून पकडलंस. तुझं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं. घोंगडीचं ऐकून संतरामजी खूप हसले आणि म्हणाले, एवढी हुशार पोरगी आपल्या समाजात कुठं मिळते?

आता महत्त्वाचं. हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव.

आबा, संतरामजी स्वतः कौसल्येसाठी विचारून राहिले आहेत. घर पक्कं आहे, विजेचा दिवा आहे, पाण्याचा नळ दारात आहे. स्वभाव शांत. वय माझ्यापेक्षा थोडंसं जास्त. हुंडा नको, मानपान नको, पोरगी तेवढी द्या म्हणतात. अशी जागा पुन्हा चालून येणार नाही. मी त्यांना हो म्हणून ठेवलं आहे. पौष उलटला की माघात तिकडं येऊन सुपारी फोडू.

सोबत त्यांचं चित्र पाठवतो. फोटोत माणूस लाकडाचा दिसतो, म्हणून मीच बसून काढलं. कौसल्येला दाखवा.

भुजंग

डोंगरकडा, ता. ९ डिसेंबर १९३६

दादा,

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. माझं लगीन मीच मोठ्यानं वाचलं. आबा इतके खूश झाले की गूळ वाटला. रुख्मिणीआत्या म्हणली, नळाचं पाणी, विजेचा दिवा, पोरीनं नशीब काढलं. चित्र सगळ्यांच्या हातातून फिरलं. नवरा गोरागोमटा हाय, पटका झोकात हाय, असं सगळे म्हणले. चित्र माझ्या हातात सगळ्यात शेवटी आलं.

मी ते सकाळी उजेडाला धरलं. तू शिकवलंस तसंच बघितलं. आता मला जे दिसलं ते लिहिते अन् तू ते नीट वाच.

तोंडावर एक सुरकुती न्हाई. पण डोळ्याखाली अन् ओठाच्या दोन्ही कडांना कागदाला लव आली हाय. मी बोट फिरवून बघितलं. तिथं तू आधी काहीतरी काढलंस, मग खोडलंस, परत काढलंस, परत खोडलंस. पटका भुवयांपर्यंत खाली ओढलेला हाय. असा पटका आपल्यात कोणी बांधत न्हाई, माणसाला पुढचं दिसणार न्हाई. मला वाटतं त्याच्या खाली केस न्हाईत. तोंड मिटलेलं. बाजारात मेंढा घेताना आबा आधी त्याचं तोंड उघडतात. दोनदाती, चारदाती, जुळलेला, सगळी उमर दातावर कळते. तू दात दाखवलेच न्हाईस.

अन् मग हात. एक हात मांडीवर, एक काठीच्या मुठीवर. तिथं एकदाही रबर लागलं न्हाई. रेघ कशी दाबून, बेधडक आली हाय. हाताच्या मागची कातडी सैल. शिरा वर आलेल्या. बोटाचे सांधे गाठीगाठीचे. अंगठी बोटात इतकी रुतली हाय की दोन्हीकडून मांस वर आलंय. ती काढायची म्हणलं तर सोनाराकडून कापावी लागंल. बोट बारीक होतं तेव्हा ती घातली असणार.

तोंड पंचविशीचं अन् हात पन्नाशीचे. एका माणसाला दोन वयं कसकाय? तोंडाच्या बाबतीत तू खोटं बोलू शकलास, पण तुझ्या हाताला त्याचे हात खोटे काढता आले न्हाईत. तेवढं एक बरं वाटलं मला.

त्यांची उमर किती, ते सरळ लिही. 'थोडंसं जास्त' लिहू नको. अन् मला हे लगीन करायचं न्हाई, हे पण आताच लिहून ठेवते.

कौसल्या

हैदराबाद, ता. २४ डिसेंबर १९३६

कौसल्या,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. मी तुला बघायला शिकवलं ते चित्र कळावं म्हणून, थोरामोठ्यांची उमर काढावी म्हणून नाही. जन्मभर लोकरीत हात घालणाऱ्या माणसाचे हात असेच होतात. रबर फिरवलं कारण मी अजून शिकून राहिलो आहे, माझ्याकडून चुका होतात. पटका त्यांना तसाच आवडतो. आणि काय सांगू?

तुझं वय काय, तू बोलतेस काय. डोंगरकड्यात शेळ्यामेंढ्यांमागं उन्हातान्हात फिरून काय मिळणार आहे तुला? मी तुझं बरंच बघून राहिलो आहे. शिवाय मी कुणाच्या छपराखाली राहतो, कुणाचं अन्न खातो, त्याचाही जरा विचार कर. माझी परीक्षा मार्चात आहे. ती झाली की मला कुठंही मास्तरकी मिळेल आणि आबांची तकलीफ संपेल. तोवर इथं वाकडं काही होता कामा नये.

आबांशी यातलं काही बोलू नको. तुला माझी शपथ.

भुजंग

डोंगरकडा, ता. १२ जानेवारी १९३७

दादा,

तुझी शपथ मी मोडली. त्याचं पाप लागणार असंल तर लागू दे, त्या लग्नापेक्षा हलकंच असंल.

आधी लोकरीचं. तू शहरात जाऊन एवढ्यात विसरलास? लोकर कातरणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात. पण लोकरीत जे तेल राहतं त्यानं हात उलट मऊ राहतात. आईचे बघ, आत्याचे बघ. हाताच्या मागची कातडी लोंबते ती उमरीनं, लोकरीनं न्हाई. हे आपल्या घरातल्या लेकरालासुद्धा ठाऊक हाय अन् तू मला शिकवून राहिलास.

मी आबांपुढं चित्र ठेवलं अन् सगळं सांगितलं. आबा भडकले. म्हणले, भुजंग सांगतो ते बराबरच असंल. नवरा पोरगी बघायला येत असतो, पोरीनं नवरा बघायचा नसतो. जग तोंडात शेण घालंल.

मी म्हणलं, आबा, मेंढा घेताना तुमी चार वेळा दात बघता, कमरेवर हात दाबून बघता, चालवून बघता. घरात मेंढा राहतो दोन-तीन साल. मला त्या माणसापाशी जन्म काढायचाय अन् मी बघायचं पण न्हाई?

आई म्हणली, जीभ आवर. मी म्हणलं, आवरणार न्हाई. नळाचं पाणी मला नको, विजेचा दिवा नको. सुपारी घेऊन आले तर मी भरल्या माणसांत उठून विचारीन, तुमची उमर काय म्हणून. आबांनी ताट लोटलं अन् न जेवता उठले. मी पण जेवले न्हाई. मला रडू येत होतं, पण मी चुलीपाशी जाऊन रडले, त्यांच्यापुढं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी मेंढ्या बाभळीखाली बसवल्या अन् मला हाक मारली. म्हणले, आण ते चित्र. आबांना वाचता येत न्हाई, पण दादा, बघता येतं. त्यांनी आपला तळवा चित्रातल्या तोंडावर ठेवला, सगळं तोंड झाकलं, अन् नुसते हात बघत राहिले. लई वेळ बघितले. मग विचारलं, ही अंगठी कुणी घातली असंल? मी म्हणलं, मला काय ठावं. ते म्हणले, आपल्यात बाप्याच्या बोटात सोनं घालतो तो सासरा. मांडवात.

मग त्यांनी चिलीम काढली अन् माझ्यासमोरच ओढली. उठताना जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते: 'भुजंगला लिही, माझ्या बापानं अन् मी आजवर बाजारात जुनं जनावर कोवळं म्हणून इकलं न्हाई. अन् ह्यानं तर बहीण इकायला काढली. सुपारी घेऊन कुणी येऊ नये.'

आता तू खरं लिहिणार का, का मी अजून बघू?

कौसल्या

हैदराबाद, ता. २ फेब्रुवारी १९३७

कौसल्या,

आबांचं बोलणं वाचून दोन दिवस शाळेत गेलो नाही.

उमर अठ्ठेचाळीस. बायको वारून तीन वर्षं झाली. थोरला मुलगा माझ्याच वयाचा आहे, शेजारच्या खोलीत झोपतो. माणूस वाईट नाही, हे मात्र मी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, वीस वर्षांमागं मी असा होतो, तसा काढ. मी काढला. हातांपाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, त्यांना डुलकी लागली होती. तेवढे हात मी माझ्या मनानं, दिसले तसे काढले.

आता ऐक. तुमचा नकार मी सांगितला. ते रागावले नाहीत, पण माझं ताट आता ओसरीवर येतं. आणि त्यांनी दुसरी जागा बघितली आहे. वारंग्याचे ग्यानबा म्हणून आहेत, त्यांचा पोरगा इथं लोकर घेऊन येतो. त्यांची लेक गोजर. तुझ्याच वयाची. तिकडूनही चित्र मागितलं आहे. संतरामजी म्हणाले, जुनं चित्र पडलंच आहे तर तेच त्यांना दे, नाहीतर नवीन काढ. तसंच काढ.

मला पुन्हा ते तोंड काढायचं नाही. हात चालत नाही, सकाळपासून पेन्सिल धरून बसलो आहे. पण नाही म्हणालो तर परीक्षेच्या आधी वळकटी घेऊन रस्त्यावर. म्हणून एक विनंती करतो. डोंगरकड्याहून वारंगा लांब नाही. तुझ्यापाशी आहे ते चित्र ग्यानबांच्या घरी पोचतं कर. म्हणजे मला दुसरं काढावं लागणार नाही. यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी लिहून राहिलो आहे.

भुजंग

डोंगरकडा, ता. १९ फेब्रुवारी १९३७

दादा,

तू सांगितलंस तसं केलं. चित्र वारंग्याला पोचतं केलं.

आधी तुझं सांगते. आबांना तुझं पत्र पुरं वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं न्हाई. ओसरीवरच्या ताटाचं ऐकून आई रडली. आबांनी घोंगडी बांधून ठेवली हाय, नवी. नांदेडला जाणाऱ्या गाडीवाल्यासंग धाडतील, पुढं रेल्वेनं येईल. म्हणले, चित्रशाळेच्या ओट्यावर पांघरून झोप म्हणावं. मी तर म्हणते वळकटी आजच बांध. गादीवर झोपून तसली तोंडं काढण्यापेक्षा ओट्यावर झोपून बकऱ्या काढ. अन् खुरं काढायला शिक. लाज वाटून घरी यायचं टाळशील तर मी तुला कधीच पत्र लिहिणार न्हाई.

माझा राग गेला न्हाई. जाईल तेव्हा जाईल. पण गोजरचं नाव अन् गाव तू मला लिहिलंस. तुला ठाऊक होतं मी काय करीन. मग तू ते काहून लिहिलंस, त्याचा विचार तुझा तू कर.

आईला संग घेऊन गेले. आई वाटभर बोलत होती, दुसऱ्याच्या घरात काडी टाकू नये, लोक म्हणतील ह्यांच्या पोरीचं मोडलं म्हणून ही दुसरीचं मोडायला निघाली. मी म्हणलं, म्हणू दे. मी एक शब्द पण बोलणार न्हाई, नुसतं चित्र देणार.

ग्यानबाकाका ओट्यावर दोर वळत बसले होते. आमी आत गेलो. गोजरची आई रूपाबाई, तिनं गूळपाणी दिलं. चित्र बघून तिचे डोळे भरले, म्हणली, लेकीनं नशीब काढलं. हेच बोल मी आमच्या घरात ऐकले होते. मग तिनं गोजरला हाक मारली. गोजर आली अन् खाली मान घालून उभी राहिली. तिला कुणी चित्र हातात देईना, लांबूनच दाखवून राहिले. मी उठले, रूपाबाईच्या हातातून चित्र घेतलं, गोजरच्या हातात दिलं अन् तिला दाराशी उजेडात नेलं. म्हणलं, सावकाश बघ. तोंड सगळे बघतात, तू बाकीचं बघ.

आई मागून माझा पदर ओढत होती. मी तिकडं बघितलं न्हाई. गोजर आधी लाजली. मग बघू लागली. तिची नजर पटक्यावरून खाली आली, सदऱ्यावर आली, काठीवर आली अन् तिथं थांबली. लई वेळ थांबली. बाहेर काका दोर वळत होते, त्याचा आवाज येत होता. तिनं एकदा तिकडं बघितलं, परत चित्राकडं बघितलं.

मग ती चित्र घेऊन बाहेर गेली. बापापुढं गुडघे टेकून बसली अन् चित्र त्यांच्या हाताशेजारी धरलं. काका गोंधळले. एकदा चित्राकडं बघितलं, एकदा आपल्या हाताकडं. दोर सुटला. ते हात पाठीमागं घ्यायला लागले, तर तिनं मनगट धरलं.

म्हणली, 'बाबा, हात हलवू नका. मला नीट बघू द्या.'

कौसल्या